मालवण-तारकर्लीत एक पूर्ण दिवस: भरती-ओहोटी धरून आखलेलं साहसी सहलीचं वेळापत्रक

पहिल्यांदा आम्ही आठ जण मालवणला गेलो, तेव्हा कागदावर सगळं व्यवस्थित होतं. सकाळी आरामात नाश्ता, अकराला किल्ला, बाराला स्कुबा (पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं), जेवण आणि तीन वाजता देवबागचं त्सुनामी बेट. प्रत्यक्षात स्कुबाच्या वेळी पाण्याला इतकी ओढ होती आणि ते इतकं गढूळ होतं, की हाताच्या पलीकडचं काही दिसेना. तीन वाजता देवबागला पोहोचलो तर बेटाच्या जागी नुसतं पाणी. होडीवाले काका शांतपणे म्हणाले, "आज चतुर्थी नाय? तीनाक भरती. बेट आता खंय दिसतला?" संकष्टी होती. आईचा उपास होता, म्हणजे तिथी आमच्या घरात सकाळपासून सगळ्यांना ठाऊक होती. तिथीचा समुद्राशी काय संबंध, एवढंच कुणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच वेळा गेलो. दरवेळी आधी कॅलेंडर उघडतो, मग हॉटेल शोधतो. एका दिवसात स्कुबा किंवा स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं), सिंधुदुर्ग किल्ला, कर्ली नदीत कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) आणि वाळूचं बेट हे सगळं आरामात बसतं, पण क्रम पाण्याच्या सोयीने लावावा लागतो. तो कसा लावायचा, ते इथे लिहिते.

आधी महिना, मग तिथी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा आणि प्रवासी होड्या बंद असतात. सप्टेंबरमध्ये त्या उघडतात, पण पावसाचं पाणी नद्यांतून येतच असतं, त्यामुळे समुद्र अजून निवळलेला नसतो. ऑक्टोबरचं ऊन अंगावर येतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो. त्यातही नाताळचा आठवडा आणि लागून आलेल्या सुट्ट्या टाळा. गर्दीच्या दिवशी स्कुबाचा प्रशिक्षक एकामागून एक माणसं पाण्यात उतरवत असतो आणि तुमच्या वाट्याचा वेळ त्यातून कापला जातो. मे महिन्याच्या शेवटच्या दिवसांत जायचा मोह होतो, कारण मुलांना सुट्टी असते. पण तेव्हा समुद्र बदलायला लागलेला असतो. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबाच्या पर्यटकांना परत आणणारी बोट उलटून दोघांचा जीव गेला. हंगामाच्या शेपटाला मी घरच्यांना होडीत बसवत नाही.

महिना ठरला की तिथी. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून द्वादशीला सकाळी नऊ आणि रात्री नऊ. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने, थोडी जास्तच, पुढे सरकते. हा अंदाज आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या किंवा आदल्या संध्याकाळी होडीवाल्यांना विचारा. पण दोन महिने आधी तारीख निवडायला हा हिशेब पुरतो.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते: पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, ओढ वाढते आणि तळाची माती ढवळली जाते. अष्टमीनंतरचे एक-दोन दिवस भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी आणि पाणी शांत.

आता दोन्ही एकत्र ठेवा. पाण्याखाली जायचं तर भरती पूर्ण होत आलेली हवी, कारण तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि ओढ थोडा वेळ थांबते. वाळूचं बेट बघायचं तर ओहोटी हवी. शिवाय पाणी फार उधाणलेलं नको. दशमी, एकादशी आणि द्वादशीला हे जुळून येतं. साडेसात ते नऊच्या दरम्यान भरती, दुपारी पावणेदोन ते सव्वातीनच्या दरम्यान ओहोटी. बेट पौर्णिमेइतकं मोठं उघडं पडत नाही, पण पाय ठेवायला आणि तासभर रमायला पुरेसं असतं. मी स्वतः द्वादशी निवडते. खालचं वेळापत्रक द्वादशीचं आहे. तुमची तारीख वेगळी असेल तर वेळा पुढेमागे करा.

तिसरा हिशेब वाऱ्याचा, तो शाळेच्या भूगोलातलाच आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, हलका. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि पाण्यावर लाटा उठायला लागतात. म्हणून उघड्या समुद्रातलं सगळं सकाळी, आणि दुपारी नदीच्या आडोशाला.

आदल्या दिवशी पोहोचा

मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्या एक्सप्रेसने कुडाळला उतरायचं आणि तिथून तीसेक किलोमीटर मालवण गाठून त्याच सकाळी स्कुबा करायचा, असा बेत अनेक जण करतात. तो करू नका. झोप न झालेल्या, रिकाम्या पोटाच्या माणसाला होडी लागते, आणि सकाळच्या भरतीला तर तुम्ही पोहोचतही नाही. एक दिवस आधी या आणि मालवण ते तारकर्लीच्या पट्ट्यात राहा. मालवणहून तारकर्ली सात-आठ किलोमीटर, देवबाग आणखी पुढे. रस्ता अरुंद आहे, माडांच्या आणि घरांच्या मधून जातो, आणि गर्दीच्या दिवशी समोरून बस आली की मागे घ्यावं लागतं. म्हणून दिवसात हा रस्ता एकदाच पार करायचा. सकाळ मालवणला, दुपार देवबागला. उलटसुलट फेऱ्या घातल्या की तुमचे दोन तास गाडीतच जातात.

आदल्या संध्याकाळी तीन कामं करा. पहिलं, स्कुबावाल्याला प्रत्यक्ष भेटा. दुसरं, दुपारच्या जेवणाची थाळी माणशी सांगून ठेवा. घरगुती खानावळीत सांगितल्याशिवाय गेलात तर ताजा मासा संपलेला असतो किंवा तास-दीड तास थांबावं लागतं. तिसरं, उद्याच्या वाऱ्याचा आणि लाटांचा इशारा बघा. हवामान खातं आणि हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था किनाऱ्यासाठी इशारे देतात. मच्छीमार होड्या बाहेर गेल्या नसतील तर तुम्हीही जाऊ नका.

स्कुबावाल्याला काय विचारायचं

दर विचारण्याआधी हे विचारा: एका प्रशिक्षकाबरोबर पाण्याखाली किती माणसं असतात? पहिल्यांदा उतरणाऱ्यासाठी उत्तर "एकाला एक" हवं. आधी उथळ पाण्यात सराव करून घेता का? पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं? व्हिडिओ धरून दर आहे की वेगळा? होडीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का, आणि किती माणसांचा? होडीची क्षमता तिच्यावर लिहिलेली असायला हवी. सकाळी चढताना माणसं मोजा. जास्त असतील तर चढू नका, पैसे गेले तरी चालतील. लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळायचे. मांडीवर धरून बसायचं नाही. प्रशिक्षित लोक हवे असतील तर तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथेही चौकशी करा.

आरोग्याचा फॉर्म भरायला देतात, तो नुसती सही करून परत देऊ नका. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन किंवा पडद्याला भोक, गरोदरपण यांतलं काहीही असेल तर स्कुबा नाही. त्या दिवशी सर्दी असेल तरी नाही, कारण चोंदलेल्या नाकाने कानातला दाब जुळत नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना टाकी लावून खाली नेऊ देऊ नका, कोणी "काही होत नाही" म्हटलं तरी. त्यांच्यासाठी स्नॉर्कलिंग आहे, आणि मालवणला तेही सुंदर होतं.

"पाच खेळ एकात" अशा पॅकेजबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. जेट स्कीची फेरी दोन-तीन मिनिटांत संपते, बनाना राइडही तशीच, आणि प्रत्येकासाठी रांगेत उभं राहून सकाळचं चांगलं पाणी हातचं जातं. आवडीची एक-दोन निवडा आणि त्यांना वेळ द्या.

पिशवीत काय

प्रत्येकासाठी सुक्या कपड्यांचा एक जोड, वेगळ्या पिशवीत. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट असेल तर उत्तम. तो उन्हापासून वाचवतो आणि पाठीला कमी सनस्क्रीन लागतं. सनस्क्रीन घ्यायचंच तर झिंक ऑक्साइडचं घ्या. ऊन अडवण्यासाठी काही रसायनं घातलेली सनस्क्रीन प्रवाळाला मारक ठरतात. मागे पट्टा असलेल्या चपला, टोपी, माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी. अंगठ्या, मंगळसूत्र, साखळ्या खोलीवर ठेवा. पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी निसटते. होडीत चढताना-उतरताना साडीचा पदर किंवा ओढणी खोचून घ्या. ज्यांना होडी लागते त्यांनी गोळी तासभर आधी घ्यावी. पण त्या गोळ्यांनी झापड येते, म्हणून स्कुबा करणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

पहाटे सहा ते दहा: पाणी

सहाला उठा. नाश्ता हलका, पण नक्की करा: दोन घावणे आणि चटणी, किंवा आंबोळी. तळलेलं नको. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसातला तयार होऊन मालवणच्या किनाऱ्यावर असावं.

स्कुबा आणि स्नॉर्कलिंग होतं ते किल्ल्याच्या आसपासच्या खडपांजवळ. हा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो. १९८७ साली घोषित झालेलं हे २९.१२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. खाली जे दिसतं ते टीव्हीवरच्या अंदमानसारखं नसतं. पाण्याला हिरवट छटा असते, पण खडकावर प्रवाळ असतात, पट्ट्यापट्ट्यांचे मासे असतात आणि एकदा डोळा सरावला की बघण्यासारखं बरंच सापडतं.

पहिल्यांदा उतरणाऱ्यांनी चार गोष्टी पाठ कराव्यात. एक, तोंडाने श्वास, सावकाश आणि सतत. श्वास कधीही कोंडायचा नाही. दहा मीटर खोलीवरून वर येताना फुप्फुसातली हवा दुप्पट फुगते, म्हणून वर येताना तर अजिबात नाही. दोन, कान. मीटरभर खाली जायच्या आत नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकला. दुखायला लागल्यावर करून उपयोग नसतो. दुखलंच तर थोडं वर या आणि पुन्हा करा. तीन, खुणा. आपण मजेत आहोत हे दाखवायला अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "मला वर न्या". ठीक आहे सांगायचं तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करा. माझी भाची ही चूक करून चौथ्या मिनिटाला वर आली आणि रडली. चार, पाय. प्रवाळावर उभं राहू नका, हात लावू नका. तो दगड वाटला तरी जिवंत असतो, आणि तुमच्या पायालाही कापतो. माशांना पाव-बिस्किट टाकणाऱ्यांना नम्रपणे नको म्हणा.

चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का ते आदल्या दिवशीच विचारा.

स्कुबा करणारे खाली असताना बाकीच्यांनी उन्हात डोलत्या होडीत ताटकळू नये. आठ जणांत चार उतरणार असतील तर उरलेल्या चौघांनी जेट्टीजवळच्या किनाऱ्यावर बसावं, किंवा मोरयाचा धोंडा बघून यावं. किनाऱ्यावरच्या त्या खडकावर गणपती, शिवलिंग, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा तिथे झाली.

साडेदहा ते साडेबारा: सिंधुदुर्ग

कपडे बदला, पाणी प्या, एखादं केळं खा आणि किल्ल्याची होडी घ्या. दहा-पंधरा मिनिटांत कुरटे बेटावर पोहोचता. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं. होडीतून बघताना दरवाजा दिसत नाही. वळणाऱ्या तटाच्या आड तो असा दडवला आहे की अगदी जवळ गेल्यावरच कळतो. चुन्यात तळहाताचा आणि पावलाचा ठसा आहे, तो महाराजांचा मानतात. राजाराम महाराजांनी बांधलेलं श्रीशिवराजेश्वर मंदिर आहे, तिथे चपला काढून उभं राहा. आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी नक्की बघा. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडं पाणी. दोन तासांपूर्वी तोंडात त्या समुद्राची चव घेऊन आलेला माणूस या विहिरींकडे वेगळ्या नजरेने बघतो, म्हणून किल्ला स्कुबानंतर ठेवावा असं मला वाटतं.

परतीची होडी ठरलेल्या वेळेने असते, ती चढण्यापूर्वी विचारून घ्या. तटावरून पूर्ण फेरी मारायचा हट्ट धरू नका. बारा वाजता जांभा दगड तापलेला असतो. पश्चिमेकडच्या तटावर वीस मिनिटं चाला, खाली लाटा फुटताना बघा आणि परत या.

ज्यांना पॅरासेलिंग हवंच आहे त्यांनी ते किल्ल्याच्या ऐवजी या वेळेत करावं, दुपारचा वारा सुटायच्या आत. दोन्ही करायला गेलात तर जेवण तीन वाजता होईल आणि ओहोटी निघून जाईल. डॉल्फिनचंही तसंच. ते बघायला देवबागहून सकाळी सातला निघावं लागतं. एका दिवसात भरतीचा स्कुबा आणि डॉल्फिन दोन्ही मालवण-देवबाग अंतरामुळे जमत नाहीत. दुसरा दिवस हाताशी असेल तर डॉल्फिन तेव्हा.

जेवण आणि सक्तीची विश्रांती

पाऊण वाजता जेवायला बसा. सुरमई किंवा बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, भात, सोलकढी. मनसोक्त जेवा, पण मद्य संध्याकाळनंतर, कारण अजून पाण्यात जायचं आहे. मग तासभर काही करायचं नाही. हा वेळ कापू नका. दमलेली मुलं आणि उन्हाने लाल झालेली मोठी माणसं दुपारनंतर चिडचिड करतात, आणि पाण्यावरचे अपघात दमलेल्या माणसांच्या हातून होतात. सावलीत आडवं व्हा. ज्यांचं डोकं दुखतंय त्यांना ओआरएस द्या.

तीन ते सूर्यास्त: देवबाग

अडीचला मालवण सोडा. देवबाग ही एक चिंचोळी पट्टी आहे, एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. त्याच्या आतल्या अंगाला वाळूचं बेट. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं लोक सांगतात, म्हणून ते नाव. सव्वातीनच्या ओहोटीला तिथे पोहोचलात की तासभर आहे. घोटाभर पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी तळाला घासत सरकवा. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, बसलेला असेल तर तो चाहूल लागून निघून जातो. थेट पाय पडला तर काटा मारतो. मारलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

एक नियम मी घरात कुणालाही मोडू देत नाही: संगमाच्या तोंडाशी पोहायला उतरायचं नाही. ओहोटीला नदीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर धावत असतं. चांगला पोहणाराही तिथे हतबल होतो.

चारच्या सुमाराला पाणी वळतं, भरती लागते. कयाकसाठी हीच वेळ साधायची. आता प्रवाह आणि खारा वारा दोन्ही जमिनीकडे ढकलतात, म्हणजे हात दमले तरी तुम्ही समुद्राकडे वाहून जाणार नाही. जाताना आधी प्रवाहाविरुद्ध वल्हवा, देवबागच्या काठाला धरून, आणि अर्धी ताकद शिल्लक असतानाच वळा. परतीला पाणी मदत करतं. मुलाला मोठ्या माणसाबरोबर दोघांच्या कयाकमध्ये बसवा. वल्हं खांद्यातून नाही, कमरेतून फिरवा, दुसऱ्या दिवशी हात उचलता येतील. काठाला माड आहेत, खाडीचे पक्षी आहेत, आणि पावणेसहानंतर पाण्याचा रंग बदलायला लागतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या जरा नंतर मावळतो. अंधार पडायच्या आत सगळे काठावर असले पाहिजेत, हे कयाकवाल्यांना आधी सांगून ठेवा.

बेत फिसकटला तर

सकाळी "पाणी बरा नाय" असं ऐकलंत तर वाद घालू नका. आगाऊ दिलेले पैसे परत मागा, तारीख पुढची मागा, पण त्यांना समुद्रात ढकलू नका. अशा दिवशी धामापूरला जा. कुडाळच्या वाटेवर सोळाव्या शतकातला तलाव आहे, काठावर भगवतीचं देऊळ, भोवती दाट झाडी. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. दुपारी नदी शांत असेल तर कयाक तरीही होतं, कारण खाडीत लाट येत नाही.

फोनमध्ये हे क्रमांक ठेवा: रुग्णवाहिका १०८, तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला.

रात्र तिथेच काढा

स्कुबा केलेल्या माणसाने लगेच विमानात बसू नये. एकदाच बुडी मारली असेल तरी किमान बारा तास, जास्त बुड्या असतील तर अठरा. पाण्याखाली दाबामुळे रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो, आणि उंचीवर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. चिपीचं विमानतळ जवळ आहे म्हणून त्याच संध्याकाळचं तिकीट काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आंबोलीचा घाटही जवळपास सातशे मीटर उंच आहे, तेव्हा बेळगाव-कोल्हापूरकडच्यांनीही घाट दुसऱ्या दिवशी चढावा.

कानात दडे बसले असतील तर काडी घालू नका. मान कलती करा, बहुतेक वेळा सकाळपर्यंत मोकळे होतात. ओले कपडे रात्रीच गोड्या पाण्यातून काढून वाळत टाका. आणि पहाटे जाग आली तर किनाऱ्यावर जा. मच्छीमार रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर दोरीला हात लावा; रापणकर नाही म्हणत नाहीत, बाजूला सरून जागा करून देतात.